बुडीत खात्यातले नऊशे वीस रुपये

वर्गणी मागणे ही एक विद्या आहे, आणि वाणिज्य शाखेच्या कुठल्याही पेपरात ती शिकवीत नाहीत. आम्ही नफा-तोटा पत्रक शिकलो, भागीदारी शिकलो, लेखापरीक्षणही शिकलो. पण भर दुपारी आडत दुकानाच्या पायरीवर उभे राहून, गल्ल्यावर बसलेल्या माणसाला खिशात हात घालायला कसे लावावे, हे ज्याचे त्यानेच शिकायचे असते.

गेल्या वर्षी ती संधी मला मिळाली. आपल्या उद्योजकता कक्षाने विद्यार्थ्यांच्या मालविक्रीचा मेळावा भरवायचे ठरवले होते. गावातल्या व्यापाऱ्यांकडून देणग्या जमवायच्या, मेळावा करायचा, आणि उरलेल्या रकमेतून विद्यार्थ्यांना छोट्या धंद्यासाठी बीजभांडवल द्यायचे, अशी ती योजना. पावतीपुस्तक माझ्या हाती आले ते मी फार हुशार म्हणून नव्हे, तर दोन्ही भाषा बोलतो म्हणून. भालकी तालुक्यातल्या खेड्यात दहावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकलो. कन्नड आली ती शेजारपाजारातून आणि बसमधून. दहावीनंतर आमचे बिऱ्हाड बीदरला आले, कारण वडिलांना इथल्या गांधी गंजात हमालीचे काम मिळाले. म्हणजे ज्या दुकानांची पोती वडील पाठीवर वाहतात, त्याच दुकानांच्या पायऱ्या मला पावतीपुस्तक घेऊन चढायच्या होत्या!

उदगीरकडच्या व्यापाऱ्याशी मराठीत बोलावे, हुमनाबादच्या सावकारांशी कन्नडमध्ये, आणि दोघांनाही घाई असली की आपली दख्खनी हिंदी आहेच. कुणी ‘बर्री, कुंदर्री’ म्हणून पाटावर बसवले, चहा पाजला. कुणी ‘उद्या या’ म्हणाले आणि तो उद्या काही उगवला नाही. एका वयस्कर आडत्यांनी मात्र पावती फाडण्याआधी मला विचारले, “पैसे देतो तम्मा, पण आधी सांग, मी मंडपाला देतोय की पोरांना देतोय?”

मी म्हणालो, “पोरांना, अप्पा.” त्यांनी पाचशे एक रुपये दिले. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

वाचकहो, विचार केला तर हा प्रश्न आपल्या गावात फार जुना आहे. ज्या मदरशाच्या मिनाराखाली आपण पाहुण्यांचे फोटो काढतो, तो बांधणारा महमूद गावान मूळचा व्यापारी. इराणातल्या गिलानहून समुद्र ओलांडून तो दक्षिणेत आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, ही त्याला मिळालेली पदवी. १४७२ मध्ये त्याने हे विद्यापीठ उभे केले. विद्यार्थ्यांना राहायला खोल्या होत्या, अध्यापकांना दालने होती, आणि ग्रंथालयात तीन हजारांच्या आसपास हस्तलिखिते होती असे सांगतात. १४८१ मध्ये सुलतानाने त्याचा वध करविला. पुढे इमारतीचाही मोठा भाग कोसळला. तरी साडेपाचशे वर्षांनंतर आपण त्याचे नाव घेतो ते त्याच्या व्यापारासाठी नव्हे, त्याने त्या व्यापारातून आणि वजिरीतून काय उभे केले ह्यासाठी.

आणि इथून जवळच बसवकल्याण. बाराव्या शतकात बसवण्णांनी आणि शरणांनी तिथे दोन शब्द जोडीने सांगितले : कायक आणि दासोह. कायक म्हणजे प्रामाणिक कष्टाची कमाई. दासोह म्हणजे त्या कमाईतून समाजाला द्यायचे, तेही ‘मी देतो’ हा भाव मनात न ठेवता. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वर संस्थानाने तीच दासोहाची परंपरा शिक्षणात आणली. शाळा-महाविद्यालये काढली, आणि २०१७ मध्ये तिथे विद्यापीठही झाले. तेव्हा आपल्या भागातल्या माणसाला द्यायचे कसे हे शिकवावे लागत नाही. शिकायचे असेल तर घेणाऱ्याने शिकावे, असे मला आता वाटू लागले आहे.

आता जमाखर्च सांगतो. तो मीच लिहिला, म्हणून आकडे पाठ आहेत. जमा ६१,४०० रुपये. मंडप, ध्वनिक्षेपक, फलक, पाहुण्यांची गाडी, शाल-श्रीफळ, हार, स्मृतिचिन्हे आणि अल्पोपाहार मिळून खर्च ४०,४०० रुपये. शिल्लक २१,०००. प्रत्येक खर्चाची पावती आहे आणि कुणाच्याही सचोटीवर माझा आक्षेप नाही. मेळावा देखणा झाला, भाषणेही चांगली झाली. पण आडत्याअप्पांच्या प्रश्नाला आता आकड्यांतच उत्तर मिळाले होते : रुपयातले सहासष्ट पैसे मंडपाला आणि चौतीस पैसे पोरांना.

त्या एकवीस हजारांतून सात गटांना प्रत्येकी तीन हजार दिले. तीन महिन्यांनी मुद्दल परत करायचे, नफा ज्याचा त्याने ठेवायचा. कुणी वह्या घाऊक आणून वसतिगृहात विकल्या, कुणी तुरीची डाळ भरडून घेऊन अर्ध्या किलोच्या पुड्या केल्या. सहा गटांनी मुद्दल फेडले. सातवा गट दोन मुलींचा होता. त्यांच्याविषयीच मला लिहायचे आहे.

त्यातली एक माझी वर्गमैत्रीण. घरची भाषा कन्नड. तिची आई ज्वारीच्या कडक भाकरी करते. त्यांच्याकडे तिला खडक रोट्टी म्हणतात. पातळ, कुरकुरीत आणि पुष्कळ दिवस टिकणारी. दोघी मैत्रिणींनी पीठ, गॅस, बांधणी आणि बसभाडे धरून नगाला सहा रुपये खर्च काढला, पाचशे भाकरी केल्या आणि कलबुर्गीच्या वसतिगृहांत आठ रुपयांनी विकायचे ठरवले. सगळ्या खपल्या असत्या तर हजार रुपये नफा! कागदावर हिशेब चोख होता. पण बीदरहून कलबुर्गी म्हणजे शंभरावर किलोमीटर, बसच्या टपावर पोती, आणि रस्त्यातले खड्डे काही कुणाच्या खर्चपत्रकात नसतात. पोती उघडली तेव्हा २४० भाकरींचा चुरा झालेला होता. उरलेल्या २६० विकून २,०८० रुपये आले. तोटा ९२० रुपये.

नऊशे वीस रुपये म्हणजे काय मोठेसे, असे कुणी म्हणेल. परवा कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एका वाढदिवसाला ह्याहून अधिक खर्च झालेला मी पाहिला आहे. पण तिने मला सांगितले, “नम्म मन्याग नूरु रूपायिगू लेक्का कोडबेकु.” त्यांच्या घरात शंभर रुपयांचाही हिशेब द्यावा लागतो. ही रक्कम भरायची तर ती आईच्या बचतगटाच्या हप्त्यातून जाणार होती. थोरला भाऊ त्याच संध्याकाळी म्हणाला होता, “बघितलंस ना? आता पुरे झालं. परीक्षा दे, मग आपण स्थळं बघू.” नऊशे वीस रुपयांत त्या घरात एक फार मोठा निर्णय होणार होता.

निधीच्या समितीची बैठक झाली. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मी होतो, आणि देणगीदारांच्या वतीने तेच आडत्याअप्पा आले होते. आमच्या एका सरांचे मत होते की रक्कम वसूल झाली पाहिजे, हप्त्याने का होईना. त्यांचा मुद्दा मला आजही चुकीचा वाटत नाही. ते म्हणाले, “हा लोकांचा पैसा आहे. ह्या वर्षी एकाला सोडले तर पुढच्या वर्षी सातही गट तोटा दाखवतील. धंदा शिकवायचा तर कर्ज फेडायलाही शिकवले पाहिजे.”

अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सर, तुमचं बरोबर आहे. पण माझी गोष्ट ऐका. मी पहिल्यांदा मिरचीची गाडी भरली तेव्हा भाव पडला. घरचे पैसे गेले. चुलते म्हणाले, वहीत लिहून ठेव, विसरू नको, आणि दुसरी गाडी भर. चुलते नसते तर मीही ह्याच गंजात पोती उचलली असती. आता ह्या पोरींचा चुलता कोण, ते सांगा.”

बैठकीत कुणी बोलेना. मला माझे वडील आठवले. मी धंद्याची गोष्ट काढली की ते नेहमी म्हणतात, “धंदा करायला मागं धंदा लागतो, बाळा. तू बँकेची परीक्षा दे.” त्यांच्या त्या बोलण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. त्यांना धंद्याची भीती वाटत नाही. गंजात वीस दुकाने उघडताना आणि चार बुडताना त्यांनी पाहिली आहेत. पहिला तोटा सोसणारे पाठीमागे कुणी नाही, हे त्यांना ठाऊक आहे. व्यापाऱ्याच्या मुलाला चुलता असतो, दुकान असते, बाजारात पत असते. हमालाच्या, शेतमजुराच्या, भाकरी विकणाऱ्या बाईच्या मुलांना त्यातले काही नसते. मग ज्याला चुलता नाही त्याचा चुलता कॉलेजच्या निधीने व्हावे, नाही तर असल्या निधीचा उपयोग काय?

कर्ज देणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांचे काम मोठे आहे. आपल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने बायकांचे बचतगट उभे करून त्यांना कर्ज दिले, त्याचे नाव बाहेरही झाले. पण बँकेचे कर्ज हे ठेवीदारांच्या पैशाचे असते. ते बुडवून चालत नाही, आणि तसेच असले पाहिजे. देणगीचे तसे नाही. देणारा ती परत मागत नाही. म्हणून तोटा सोसण्याची ताकद फक्त देणगीच्या पैशात आहे. ती ताकद मंडपात आणि हारांत खर्च करणे म्हणजे बियाण्याची ज्वारी दळून खाण्यासारखे आहे.

जिथे जिथे हे काम नीट झाले तिथे देणाऱ्यांनी हेच ओळखले असे दिसते. आपल्याच राज्यात दक्षिण कन्नडमधल्या उजिरे येथे १९८२ मध्ये धर्मस्थळाच्या शिक्षण संस्थेने सिंडिकेट आणि कॅनरा ह्या बँकांच्या साहाय्याने ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगार शिकवणारी संस्था काढली. शिक्षण, राहणे, जेवण सारे मोफत, आणि शिकून गेल्यावरही विचारपूस. हा नमुना पटून २००९ पासून केंद्र सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रे काढण्याची योजना आखली : जागा राज्याची, इमारतीला केंद्राचे अनुदान, आणि रोजचा खर्च पुरस्कर्त्या बँकेचा. शिकण्याचा खर्च विद्यार्थ्याच्या डोक्यावर ठेवायचा नाही, हे त्याचे मर्म.

बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत २००० च्या सुमारास उद्योजकतेचे केंद्र निघाले ते इन्फोसिसचे एक संस्थापक एन. एस. राघवन यांच्या देणगीतून. हुबळीकडचे गुरुराज देशपांडे आणि त्यांच्या पत्नी जयश्री यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीला दोन कोटी डॉलर दिले. ज्या संशोधनावर अजून कुठलाही गुंतवणूकदार पैसा लावायला धजत नाही, त्याला पहिले अनुदान द्यायचे हे त्या केंद्राचे काम. म्हणजे जगातल्या मोठ्या विद्यापीठालाही चुलता लागतोच! पुढे २००७ पासून त्यांच्या प्रतिष्ठानाने हुबळीतही काम सुरू केले. आणि आमच्या वाणिज्य शाखेचे उदाहरण हवे तर पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय पाहा. १९४३ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते सुरू केले आणि त्याला नाव मिळाले ते देणगी देणाऱ्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचे. त्या कंपनीचा साखर कारखाना सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपूरचा. उसाच्या पैशातून जमाखर्च शिकवणारे कॉलेज उभे राहिले, ही गोष्ट आपल्यासारख्या उसाच्या जिल्ह्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पण ह्या मोठ्या नावांकडे पाहून आपण हात जोडून बसावे असे नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ आम्हाला अभ्यासाला आहे. ज्या कंपनीची नक्त मत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च केले पाहिजेत, असे ते कलम सांगते. परीक्षेसाठी पाठ करताना माझ्या मनात आले की आपल्या गंजातल्या आडत दुकानाला ह्यातला एकही आकडा लागू पडत नाही. त्या दुकानदाराला कायदा काहीच सांगत नाही, तरी तो पाचशे एक रुपये देतो. म्हणून त्याच्या पाचशे एकाचा मान अधिक ठेवला पाहिजे.

बैठकीचा निर्णय असा झाला : नऊशे वीस रुपये मुलींकडून घ्यायचे नाहीत. सरांच्या शंकेचाही मान राखून एक अट घातली. दोघींनी आपला सगळा हिशेब, तोटा कसा झाला ह्यासह, मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून पुढच्या वर्गापुढे वाचून दाखवायचा. जमाखर्चात ती रक्कम ‘बुडीत’ म्हणून लिहायला मी पेन उचलले, तेव्हा सरच म्हणाले, “बुडीत नको लिहूस. शिक्षणखर्च लिही.” मला सरांचा फार अभिमान वाटला. तरीही ह्या लेखाच्या मथळ्यात मी बुडीत हाच शब्द ठेवला आहे, कारण तो शब्द उच्चारायची भीती गेली पाहिजे असे मला वाटते.

पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. अप्पांनी दोघींना दुकानात बोलावून बिस्किटांची रिकामी खोकी दाखवली. डझनाडझनाने कागदात घट्ट बांधून, हलायला जागा न ठेवता खोक्यात भरायचे, आणि बसऐवजी रेल्वेने न्यायचे. बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग २०१७ मध्ये सुरू झाला. तो भाकरीच्या कामी येईल हे कुणाच्या मनात आले असेल! दुसऱ्या खेपेला दोघींनी निधीतून १,८०० रुपये घेऊन तीनशेच भाकरी केल्या. बावीस फुटल्या. मुद्दल परत करून आणि खोक्यांचा जादा खर्च वजा जाता तीनशेच्या आतबाहेर रुपये उरले. हे काही मोठे यश नव्हे. तिच्या भावाचे मन पुरते वळले आहे असेही नाही. पण स्थळांचा विषय पदवी होईपर्यंत थांबला आहे, आणि परवा तो स्वतः खोकी स्टेशनवर पोचवायला आला होता.

ह्या वर्षी पुन्हा पावतीपुस्तके छापली जातील. त्याआधी, लहान तोंडी मोठा घास घेतल्याची क्षमा मागून, मी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, दोन वेगळी पावतीपुस्तके असावीत : एक समारंभाचे, एक निधीचे. देणाऱ्याने कुठल्यात द्यायचे ते त्यानेच ठरवावे. दुसरी, पैसे देणाऱ्या व्यापाऱ्याकडून पैशाबरोबर एक तासही मागावा. रिकाम्या खोक्याची युक्ती कुठल्याही क्रमिक पुस्तकात नव्हती; ती दुकानात होती. तिसरी, निधीचा जमाखर्च दरवर्षी ह्याच अंकात, मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांत छापावा, आणि त्यात नफ्याच्या शेजारी तोट्याचाही रकाना असावा. ज्या वर्षी तो रकाना कोरा असेल, त्या वर्षी आपण फक्त चुलते असलेल्यांनाच पैसे दिले असे समजावे.

मी पुढच्या वर्षी इथे नसेन. बँकेची परीक्षा देईन की डाळीच्या पुड्या करीन, हे अजून घरात ठरायचे आहे, आणि त्यावर आमच्याकडे रोज रात्री जेवताना चर्चा चालते. परंतु निधीत आज २०,०८० रुपये आहेत. वही कार्यालयातल्या कपाटात आहे. ज्यांच्या पाठीशी कुणी नाही अशा विद्यार्थिमित्रांनी ती उघडून पाहावी, आणि अर्ज करावा.